मगावरचा लोगो: टिकली, मेंदी की गोंदण?

संस्थेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला, की समितीच्या बैठकीत कुणीतरी मगांचा विषय काढतं. शाल-श्रीफळ सगळेच देतात, स्मृतिचिन्ह कपाटावर धूळ खातं. मग मात्र रोज हातात असतो. ठराव होतो, दोघांवर जबाबदारी पडते आणि छपाईच्या दुकानात ते दोघे हमखास एकच प्रश्न विचारतात: "धुतल्यावर जाणार नाही ना?" दुकानदार सांगतो, "नाही हो, परमनंट आहे."

तो खोटं बोलत असतो असं नाही. सिरॅमिकच्या मगावर चिन्ह उमटवायच्या पाच-सहा पद्धती बाजारात आहेत आणि प्रत्येकीचा 'परमनंट' निराळा आहे. एकीचा जेमतेम पुढच्या दिवाळीपर्यंत पोचतो, दुसरीचा मग फुटेपर्यंत राहतो. दुकानात तयार मग पाहताना दोन्ही सारखेच झळझळीत दिसतात, त्यामुळे नुसतं बघून निवड करता येत नाही. रंग बसतो कुठे, हे आधी कळायला हवं.

१. आपला हात लागतो तो मातीला नाही

मग मातीचा असला, तरी आपलं बोट टेकतं ते काचेवर. चिनी माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांपासून बनवलेल्या अंगावर पातळ पाण्यासारखं मिश्रण चढवून तो भट्टीत भाजतात. उष्णतेनं ते मिश्रण वितळून अंगाला घट्ट धरतं आणि थंड झालं की काच होते. हेच ग्लेझ. साध्या अर्दनवेअरचं ग्लेझ साधारण 1050 ते 1150 अंश सेल्सिअसला पिकतं, स्टोनवेअरचं 1200 ते 1300 ला, पोर्सेलीनचं त्याहूनही वर.

कागद आणि कापड शाई पितात, कारण त्यांत तंतू असतात, तंतूंमध्ये फटी असतात. काचेला यातलं काहीच नाही. ती शाई पीत नाही, डाग धरत नाही. मग स्वच्छ राहतो तो याच गुणामुळे, आणि छापणाऱ्याची अडचण होते तीही याच गुणामुळे.

अशा पृष्ठभागावर रंग टिकवायच्या तीनच जागा उरतात. काचेवर गोंदासारख्या पदार्थानं चिकटवायचा, म्हणजे कपाळावरची टिकली. काचेवर आधी प्लास्टिकसारखा लेप द्यायचा आणि रंग त्या लेपात मुरवायचा, म्हणजे मेंदी: ती कातडीच्या वरच्या थरात उतरते आणि तो थर झडला की जाते. किंवा रंग काचेतच वितळवून टाकायचा, म्हणजे गोंदण. दुकानात पद्धतीचं नाव कितीही भारी सांगितलं, तरी ती या तिघांपैकी कुणाची, एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

२. मोरीतला शत्रू आणि यंत्रातला शत्रू

'धुणं' ही एक गोष्ट नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत मग हातानं घासला जातो, आणि घासणी कुठली हे घासणाऱ्यावर असतं. भांड्यांच्या वडीत साबणाबरोबर खनिजाची बारीक भुकटीही असते. ही भुकटी सहसा काचेपेक्षा मऊ असते, म्हणून ग्लेझला तिचं काही वाटत नाही. प्लास्टिकचा लेप मात्र तिच्याहूनही मऊ. तारेच्या घासणीनं तर चांगल्या ग्लेझवर ओरखडा जायच्या ऐवजी बहुधा तारेचाच करडा माग उमटतो, पण तीच घासणी चिकटवलेल्या रंगावरून चार दिवस फिरली की रंगाचे टवके निघू लागतात.

डिशवॉशरमध्ये घासणं अजिबात नाही. तिथे गरम पाणी असतं, साधारण 55 ते 70 अंशांचं, आणि त्यात हाताच्या साबणापेक्षा कितीतरी तिखट अल्कली, मुख्यतः धुण्याचा सोडा. ते तासभर किंवा जास्त वेळ फवाऱ्यानं मारत राहतं. अल्कली काचेलाही हळूहळू कुरतडते. चिकटवलेल्या रंगाच्या कडेखाली शिरून ती चिकटपणा सोडवते आणि लेप पांढुरका करते.

दोन्ही शत्रूंपुढे उभा राहणारा रंग हवा असेल, तर पर्याय फार उरत नाहीत. म्हणून मग कुणाच्या घरी जाणार आहे, हे आधी ठरवावं. थोडा हिशोब करू. कार्यालयातला मग दिवसातून दोनदा धुतला जातो आणि वर्षात कामाचे दिवस 250 धरले, तर वर्षाला 500 धुणी होतात. विक्रेता "शंभर वेळा धुऊन बघितलंय" असं अभिमानानं सांगत असेल, तर तो तुम्हाला अडीच महिन्यांची हमी देतो आहे.

३. टिकली: चिकटवलेला रंग

यात बरंच काही येतं. सगळ्यांत खाली विनाइलचा स्टिकर. त्यावर दोन शब्दही खर्चायला नकोत. त्यानंतर येते पॅड प्रिंटिंग किंवा स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेली इपॉक्सीसारखी शाई. तिच्यात कडक करणारा दुसरा घटक मिसळतात आणि छापल्यावर मग साधारण 150 ते 180 अंशांवर अर्धा तास भाजतात. हल्ली अतिनील प्रकाशानं क्षणात वाळणाऱ्या शायांची यंत्रंही आली आहेत, आणि काचेला पकड यावी म्हणून आधी एक प्रायमर लावतात.

या शायांचं खरं बळ रंगात आहे. संस्थेच्या चिन्हातला नेमका भगवा, नेमका पोपटी जसाच्या तसा मिळतो. किंमत कमी, आणि हवे तेव्हा तयार. प्रायमर नीट लावला असेल, भाजणी पुरी झाली असेल, तर हातानं मऊ स्पंजनं धुतल्या जाणाऱ्या मगावर असा रंग चांगला टिकतो. पण यातल्या एकाही पायरीत कसूर झाली, तर ती दुकानात कळत नाही, घरी कळते.

घरी वापरायच्या सिरॅमिक पेनांबद्दल बरेच जण विचारतात: मुलांनी मगावर चित्र काढलं, ओव्हनमध्ये 150 अंशांवर भाजलं, आता ते पक्कं झालं का? तेही याच घराण्यातलं. आजीला वाढदिवसाला द्यायला उत्तम. फक्त तो मग तारेच्या घासणीपासून दूर ठेवा आणि चित्र ओठ लागतात त्या काठापासून खाली काढायला सांगा.

४. मेंदी: सब्लिमेशनचा मग

तालुक्याच्या गावातही फोटो स्टुडिओत मिळणारा, नातवाचं छायाचित्र असलेला मग हा बहुधा सब्लिमेशनचा असतो. कपाटातली डांबरगोळी पातळ न होता हवेत विरते, त्याला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात. इथले रंगही तसेच वागतात. ते आधी खास कागदावर छापतात, कागद मगाभोवती गुंडाळतात आणि 180 ते 200 अंशांवर तीन-चार मिनिटं दाबतात. घन रंग सरळ वायू होतो आणि मगावर आधीच चढवलेल्या पॉलिमरच्या लेपात शिरतो. थंड झाला की तिथेच अडकतो.

यावरून दोन गोष्टी आपोआप येतात. एक, साध्या मगावर सब्लिमेशन होतच नाही. लेप दिलेलाच कोरा मग लागतो. दोन, हे रंग पारदर्शक असतात आणि यात पांढरी शाई नसते, म्हणून मग पांढरा किंवा फिकट हवा. काळ्या मगावर पांढरा लोगो या पद्धतीनं येत नाही. एकच मग करा की शंभर, पडदे-साचे काही लागत नाहीत, म्हणून छायाचित्रासाठी याहून सोयीचं दुसरं काही नाही.

टिकण्याचा प्रश्न रंगापेक्षा लेपाचा आहे. रंग वर नाही, आत आहे. त्यामुळे नखानं खरवडला तरी निघत नाही आणि "बघा, जात नाही" हे दुकानदाराचं प्रात्यक्षिक नेहमी यशस्वी होतं. पण लेपच झिजला किंवा पांढुरका झाला, तर त्यातला रंगही गेला. चांगल्या प्रतीचा कडक लेप डिशवॉशरमध्येही बराच काळ तग धरतो, स्वस्तातला थोड्याच दिवसांत निस्तेज होतो. दोघे शेजारी ठेवले तरी फरक दिसत नाही, हीच पंचाईत. शिवाय हे रंग उन्हानं उडतात. खिडकीत पेन ठेवायला वापरलेला मग एका बाजूनं फिका होतो.

५. गोंदण: भट्टीतला रंग

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहिलं त्या पद्धतीकडे येऊ. भट्टीत जाणारा रंग म्हणजे दोन चूर्णांचं मिश्रण: एक, रंग देणारं धातूचं संयुग, दुसरं, कमी उष्णतेला वितळणारी काच, जिला व्यवसायात फ्रिट म्हणतात. हे ग्लेझवर लावून भाजलं की फ्रिट वितळते, खालचं ग्लेझही किंचित मऊ पडतं, आणि दोन्ही काचा एकमेकींना धरतात. यात डिंक, राळ, प्लास्टिक काही उरत नाही. जे सेंद्रिय होतं ते जळून गेलेलं असतं.

मगाच्या गोल अंगावर हे चूर्ण सरळ छापणं अवघड, म्हणून मधे एक कागद येतो. त्याला डेकल म्हणतात. गोंद लावलेल्या कागदावर सिरॅमिक रंग स्क्रीननं छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा पडदा. त्यावर लॅकरचा पारदर्शक थर चढवतात. डेकल मिनिटभर पाण्यात ठेवला की गोंद सुटतो आणि चित्र लॅकरसकट कागदावरून सरकून मगावर येतं. रबरी पट्टीनं खालचं पाणी आणि हवा बाहेर काढतात. हे काम करणारा हात कसलेला लागतो. एक बुडबुडा राहिला, तर भट्टीत तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. रात्रभर वाळवून मग भट्टीत लावतात. सुरुवातीला लॅकर जळतं, तेव्हा उष्णता हळू वाढवावी लागते आणि भट्टीत हवा खेळती लागते. पुढे साधारण 780 ते 850 अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ तिथेच धरतात आणि सावकाश थंड करतात.

याला ऑन-ग्लेझ म्हणतात, आणि मला विचाराल तर संस्थेच्या मगासाठी हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची. मोरीतली घासणी याचं काही करू शकत नाही. डिशवॉशरची अल्कली मात्र अनेक वर्षांत याची चकाकी घालवू शकते, कारण कमी उष्णतेला वितळावी म्हणून फ्रिट मुद्दाम मवाळ ठेवलेली असते, आणि मवाळ काच अल्कलीपुढे लवकर नमते. हेही नको असेल, तर तेच डेकल खास रंगांत छापून 1200 अंशांच्या आसपास भाजतात. तेव्हा ग्लेझ इतकं मऊ होतं, की रंग त्यात बुडतो आणि वर काच मिटते. हे इन-ग्लेझ. हॉटेलांच्या भांड्यांसाठी ते योग्य. तिसरा प्रकार अंडर-ग्लेझ: आधी रंग, त्यावर ग्लेझ. पण तो मग घडवणाऱ्या कारखान्यातच होतो, तयार मगावर नाही.

कागदावरून भांड्यावर चित्र उतरवायची युक्ती जुनी आहे. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 मध्ये शपथेवर सांगितलं, की सहा तासांत त्यांनी बाराशेहून अधिक टाइलांवर चित्रं छापली. हातानं रंगवणाऱ्यांना हा आकडा ऐकून धडकी भरली असणार. जोसाया वेजवुड स्टॅफर्डशायरमधली आपली भांडी छापून घेण्यासाठी त्यांच्याकडे लिव्हरपूलला धाडत असे. पुढे 1784 च्या सुमारास जोसाया स्पोडनं स्टोकमध्ये ग्लेझखालची निळी छपाई पक्की केली. निळीच का? कारण कोबाल्ट. चीनमधल्या जिंगडेझेनच्या कारागिरांनी चौदाव्या शतकातच इराणकडून आलेल्या कोबाल्टनं निळी-पांढरी भांडी रंगवली होती. ग्लेझ पिकवणारी उष्णता सोसूनही निळा राहणारा तो भरवशाचा रंग.

यातच आजच्या समितीची खरी अडचण आहे. भट्टी सगळ्या रंगांना सारखं वागवत नाही. कोबाल्टचा निळा, क्रोमियमचा हिरवा, लोखंडाचा तपकिरी, आणि काळा हे सोशिक. झगझगीत लाल, नारिंगी, पिवळा हे कॅडमियमच्या संयुगांतून येतात, लालसाठी त्यात सेलेनियम. ते उष्णतेला नाजूक असतात, दुसऱ्या रंगांत मिसळले की काळवंडतात, आणि जास्त तापमानासाठी त्यांचे कण झिरकॉनच्या स्फटिकात कोंडून वापरावे लागतात. आपल्याकडे तर दर दुसऱ्या चिन्हात भगवा असतो! कागदावरच्या भगव्याशी तंतोतंत जुळणारा भगवा भट्टीतून मिळेलच, असं प्रामाणिक कारागीर कधी सांगणार नाही, जवळचा मिळेल. चार रंग मिसळून छापलेलं छायाचित्रही इथे थोडं मळकट येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लोगो मगासाठी वेगळा काढून घ्यावा. छटा एकमेकींत मिसळणारा रंगपट्टा काढून टाकावा, स्थापनेच्या वर्षाची बारीक अक्षरं मोठी करावीत, आणि सगळं एका किंवा दोन रंगांत बसवावं. चिन्ह बनवणाऱ्या डिझायनरला हे पटवणं ही भट्टीपेक्षा तापलेली गोष्ट असते, पण ते करावं.

सोनेरी कडेचा मोह अनेकांना होतो. ते खरं सोनं असतं, राळेच्या द्रवात विरघळवलेलं, आणि भाजल्यावर त्याचा थर केसाहून कितीतरी पातळ उरतो. घासणीनं तो झिजतो. शिवाय धातूच असल्यानं असा मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की ठिणग्या उडतात. आज बरेच लोक चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात, तेव्हा सोनेरी नकोच.

६. रंगच नको असेल तर

कुरुंदाच्या बारीक कणांचा झोत मारून ग्लेझ खरवडून चिन्ह उमटवता येतं. त्यात जाण्यासारखा रंगच नाही. पण अंग पोर्सेलीनसारखं घट्ट असेल तरच हे करावं. अर्दनवेअरचं अंग सच्छिद्र असतं, उघडं पडलं की चहा पितं आणि डाग धरतं. लेसरनं 'कोरलेले' गडद रंगाचे मग मिळतात, त्यांत बहुधा वरचा रंगीत पॉलिमर जाळून खालचा पांढरा मग दाखवलेला असतो. म्हणजे अक्षरं जाणार नाहीत, पण अक्षरांभोवतीचा रंग जाऊ शकतो.

७. किती मग, किती खर्च

भट्टीच्या छपाईत प्रत्येक रंगाच्या पडद्याचा खर्च एकदाच येतो. समजा एका रंगाला 1500 रुपये लागतात आणि लोगो तीन रंगी आहे: 4500 रुपये. 50 मग केले तर प्रत्येकावर 90 रुपये चढतात, 500 केले तर 9. रंग तीनावरून एकावर आणला, तर पन्नासांतही हा बोजा 30 रुपयांवर येतो. आकडे तुमच्या गावचे टाका, गणित हेच राहील. थोड्या मगांसाठी आता सिरॅमिक टोनरवर चालणाऱ्या लेसर प्रिंटरनं छापलेले डेकलही मिळतात; त्यात पडदे लागत नाहीत, भाजणी मात्र लागतेच.

शाळेच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यासाठी जुन्या छायाचित्राचे चाळीस मग हवे असतील, तर सब्लिमेशन घ्या आणि सोबत "हातानं धुवा" अशी चिठ्ठी ठेवा. देणगीदारांना द्यायच्या तीनशे मगांना ऑन-ग्लेझ डेकल. घरात वापरलेले जुने मग मात्र भट्टीत पाठवू नका. सच्छिद्र अंगात वर्षानुवर्षं शिरलेला ओलावा भाजताना वाफ होतो आणि ग्लेझला फोड येतात. सब्लिमेशनसाठी आणलेले कोरे मगही भट्टीसाठी चालत नाहीत, लेप जळून जातो.

८. ओठांची जागा

भट्टीच्या रंगात पूर्वी शिसं सर्रास असे, कारण त्यानं काच लवकर वितळते आणि छान चमकते. शिसं आणि कॅडमियम आंबट पदार्थात उतरू शकतात. म्हणून तपासणीत भांड्याला 4 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरमध्येच, 24 तास ठेवून किती धातू उतरला ते मोजतात. मगाच्या बाहेरच्या अंगाचा काठापासून 20 मिलिमीटरचा पट्टा यात वेगळा धरला जातो, कारण तिथे ओठ टेकतात. आपण दोन गोष्टी कराव्यात: रंग शिसं आणि कॅडमियममुक्त आहेत का ते लेखी घ्यावं, आणि कुठलीही पद्धत असली तरी चिन्ह काठाखाली निदान दोन सेंटिमीटर सोडून सुरू करावं. ज्याला भगवाच हवा, त्यानं तपासणीचा अहवाल मागावा.

९. नमुना कसा तपासायचा

आधी बोट. ऑन-ग्लेझ चिन्हाची कड सहसा बोटाला किंचित जाणवते. मग उजेडात तिरका धरला, तर चकाकीतला फरक दिसतो. सब्लिमेशनला कड नसते. नंतर कापसावर नखांचं रंगकाढू द्रावण घेऊन चिन्हाच्या कोपऱ्यावर मिनिटभर चोळा. कच्ची भाजलेली शाई कापसावर येते. भट्टीतला रंग हलत नाही.

खरी परीक्षा सोड्याची. अमेरिकेत सी 556 नावाची एक जुनी चाचणी आहे, तीत ग्लेझवरची नक्षी धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात काही तास ठेवतात आणि मग कापडानं चोळून बघतात. त्याच धर्तीवर घरीही करता येतं. स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाण्याला चमचाभर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, धुण्याचा सोडा घाला. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोडा त्याला खातो. मग बुडवा, पाणी उकळीच्या जरा खाली ठेवून चार तास धरा, आटेल तसं गरम पाणी घाला. थंड झाल्यावर रबरी हातमोजे घालून ओल्या फडक्यानं जोरात चोळा आणि न उकळलेल्या मगाशेजारी ठेवा. फडक्यावर रंग आला, चकाकी गेली किंवा कड सुटली, तर ऑर्डर दुसरीकडे द्या.

नमुना मागताना तो ज्या मगांवर काम होणार आहे त्याच लॉटचा मागा. वेगळ्या ग्लेझवर तोच डेकल वेगळा बसतो. आणि मोजून 300 डेकल छापून घेऊ नका; काही लावताना फाटतात, काही भट्टीत बिघडतात, म्हणून दहा टक्के जास्त घ्या. उरलेले सपाट, कोरड्या डब्यात ठेवले तर पुढच्या वर्षी नव्या देणगीदारासाठी कामी येतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला, तर दमट हवेनं कागद गुंडाळतो आणि लॅकरला चिरा पडतात.